आज्जांना लंगोटाची आठवण करून दे

पत्र : सर, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय १७, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे. आठवड्यातून तीन दिवस बसने बेळगावला बॉक्सिंग शिकायला जाते. बाकीचे दिवस गोठ्याच्या तुळईला टांगलेल्या वाळूच्या पोत्यावर सराव करते. हाताला मेडिकलमधली क्रेप पट्टी गुंडाळते, पण ती दहा मिनिटांत सैल होते. गेल्या पंधरवड्यापासून उजव्या करंगळीच्या मुळाशी दुखतंय, थोडी सूज आहे आणि मनगट वळवताना कळ येते. आमचे आज्जा जुने पैलवान. ते म्हणतात, पट्ट्यांनी हात नाजूक होतो, उघड्या मुठीनं मार, हाडं आपोआप टणक होतील. क्लासमध्ये बाकीची मुलं भराभर पट्ट्या बांधून मोकळी होतात, सगळ्यांसमोर विचारायला मला लाज वाटते. पट्टी नेमकी कशी बांधायची? आणि आज्जांचं म्हणणं खरं आहे का?

उत्तर :

तू विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी त्या सुजेचं बघू. पंधरा दिवस सूज टिकली आहे आणि तू अजून वाळूच्या पोत्यावर मारते आहेस. आज हे वाचून झाल्यावर त्या पोत्याला हात लावू नकोस.

आता उजेडात बस आणि दोन्ही तळवे स्वतःकडे करून बोटं हळूहळू अर्धवट मिट. नखांकडे बघ. चांगल्या हातात चारही बोटांची टोकं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला रोखलेली दिसतात, कुठलंही बोट शेजारच्यावर चढत नाही. उजवी करंगळी अनामिकेच्या खाली शिरत असेल किंवा वर चढत असेल, तर आतलं हाड मोडून फिरलेलं असू शकतं. मग मूठ वळ आणि दोन्ही हातांचे उंचवटे शेजारी शेजारी धरून बघ. डाव्या करंगळीचा उंचवटा वर आलेला आणि उजवीचा बसलेला दिसला, तरी शंका तीच. करंगळीच्या मुळामागचं लांब हाड मानेशी, म्हणजे उंचवट्याच्या लगेच मागे, मोडतं, त्याला डॉक्टर ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. मूठ तिरकी पडली, किंवा रागाच्या भरात कुणी भिंतीवर हात मारला, की हेच हाड जातं.

मनगटाचंही बघ. अंगठा ताठ वर केलास की त्याच्या मुळाशी दोन नसांच्या मधे एक खळगा पडतो. तो दुसऱ्या हाताच्या बोटानं दाब. तिथं कळ आली तर ते हलक्यावर घेऊ नकोस. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे. त्याला रक्तपुरवठा बोटांच्या बाजूनं उलटा येतो, म्हणून ते मोडलं की जुळायला वेळ लागतो, आणि दुर्लक्ष झालं तर जुळतच नाही. त्यात त्याची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दहा ते चौदा दिवसांनी काढलेल्या एक्स-रेत दिसते. म्हणून “एक्स-रे नॉर्मल आहे” असं ऐकलंस आणि खळग्यातली कळ तशीच राहिली, तर परत जायचं आणि डॉक्टरांना दुखरी जागा बोट ठेवून दाखवायची.

या दोन्ही तपासण्यांत काही सापडलं नाही तरी डॉक्टरांकडे जायचंच आहे. पंधरा दिवस न उतरलेली सूज घरी बसून ओळखता येत नाही. खानापूरच्या तालुका रुग्णालयात दाखव, नाहीतर क्लासला येशील त्या दिवशी बेळगावात हाडांच्या डॉक्टरांना दाखव. “बॉक्सिंग करते, पोत्यावर मारल्यावर दुखायला लागलं” असं स्पष्ट सांग. पडले वगैरे सांगू नकोस, कशानं दुखलं हे कळलं तर डॉक्टर नेमकं तेच हाड बघतात. आणि एक कळकळीनं सांगतो : गावात कुणी हात चोळून, ओढून बसवून देतो म्हणाला तर नाही म्हण. मोडलेलं हाड चोळलं तर सरकतं. तोवर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, हात उशीवर उंच, आणि बोटात अंगठी असेल तर आजच काढ.

सराव बंद पडेल ही तुझी धास्ती मला कळते. पायांचं काम कर, धाव, डाव्या हातानं शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव) कर, बाजूला सरकायचं आणि मान चुकवायची सवय आरशासमोर कर. दोरीवरच्या उड्या सध्या नकोत, दोरीत मनगट फिरतं.

आता वाळूचं पोतं. या साऱ्या दुखण्याचं मूळ मला तिथं दिसतं. वाळू रोजच्या मारानं खाली बसते. आठ दिवसांत पोत्याचा खालचा अर्धा भाग घट्ट होतो आणि वरचा मोकळा राहतो. वर मारलंस तर मूठ आत जाते आणि मनगट मुडपतं, खाली मारलंस तर सगळा धक्का हाडात परत येतो. त्यात गोठ्यातली ओल वाळूत उतरली की ती आणखी जड आणि कडक होते. वाळू काढून टाक. पोत्यात जुनी लुगडी, चादरी, फाटके कपडे बोटभर-वीतभर चिंध्या करून ठासून भर. बेळगावात शहापूर-वडगावकडं मागावरच्या कापडाचे तुकडे मिळतात, शिंप्याच्या दुकानातलं कातरणही चालतं. बटणं, हूक आणि चेन आधी कापून काढ, एक चेन चुकून राहिली तरी नकलवरची, म्हणजे मुठीच्या उंचवट्यांवरची, कातडी सोलते. लाकडाच्या वखारीतला भुसा स्वस्त पडतो, पण तुमच्या भागातल्या पावसात तो ओल धरून वाळूसारखाच बसतो, म्हणून मी चिंध्याच घे म्हणेन. भरलेल्या पोत्याचं वजन तुझ्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असलं की पुरे. महिन्या दोन महिन्यांनी उलटं टांगायचं.

आज्जांचं म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. हाडाला बेतानं, वाढत्या क्रमानं भार दिला तर ते काही महिन्यांत, वर्षांत थोडं दाट होतं. पण उघड्या मुठीनं मारून टणक होते ती कातडी. नकलवर घट्टा पडतो, तो दिसतो, आणि हात तयार झाल्यासारखा वाटतो. त्याच्या आत मधल्या बोटाची शीर (बोट सरळ करणारी दोरी) उंचवट्यावर धरून ठेवणारा पातळ पडदा असतो. तो पुन्हापुन्हा ठेचला की फाटतो, मग बोट सरळ करताना ती शीर एका बाजूला घसरते. त्यालाही ‘बॉक्सर्स नकल’ असं वेगळं नाव आहे आणि कित्येकदा ऑपरेशनशिवाय ते सुटत नाही. सांध्याची कूर्चाही माराने जाड होत नाही, झिजते.

हे सगळं शरीरशास्त्र आज्जांना सांगत बसू नकोस. त्यांना एवढंच विचार, की आज्जा, तुम्ही लंगोट न कसता कधी हौद्यात उतरलात का? लंगोट कसला म्हणून पैलवानाचं अंग नाजूक होत नाही. जोर लावताना जे जागचं हलू नये ते जागेवर राहावं म्हणून तो कसायचा. पट्टीचं काम तेच. आणि हौद्यातली माती कुस्तीआधी खणून, तेल, ताक, हळद, लिंबू घालून भुसभुशीत का करतात, हेही विचार. पैलवान पडला तर मोडू नये म्हणूनच ना. बेळगावच्या आनंदवाडीच्या मैदानात ज्यांनी कुस्त्या बघितल्या त्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त त्यांच्याच तालमीची आठवण द्यावी लागते. त्यांनी म्हैसूरच्या दसऱ्यातली वज्रमुष्टी ऐकली असेल, तीही काढतील. राजवाड्यात विजयादशमीला जेट्टी (तिथले पिढीजात मल्ल) मुठीत नखी, म्हणजे बोटांवर बसणारं टोकदार शस्त्र, धरून लढतात आणि पहिलं रक्त दिसताच लढत थांबते. तिथं मुठीतली वस्तू समोरच्याला लागावी म्हणून आहे. तुझी पट्टी तुझा स्वतःचा हात जपायला आहे, हा फरक त्यांना सांग. वाटलं तर हेही सांग की २०१२ मध्ये लंडनला मेरी कोम आणि नंतर टोकियोला लवलिना बोरगोहेन पदक घेऊन आल्या त्या ग्लोव्ह्जच्या आत पट्ट्या बांधूनच.

पट्टीबद्दल बहुतेक नवख्यांची समजूत अशी असते की ती मार मऊ करते. मार मऊ करायला ग्लोव्ह आहे. पट्टी हात एकत्र धरते. हातात आणि मनगटात मिळून २७ हाडं आहेत. तळहातातली तर्जनी आणि मधल्या बोटामागची दोन लांब हाडं मनगटाला पक्की बसलेली असतात, अनामिका आणि करंगळीमागची मात्र हलतात. मूठ घट्ट वळून करंगळीकडचं हाड दुसऱ्या हाताने पुढेमागे दाबून बघ (डाव्या हातावर बघ, उजव्यावर नको), हलतंय हे तुला जाणवेल. म्हणून मार पहिल्या दोन उंचवट्यांवर पडला पाहिजे, आणि म्हणूनच पट्टीनं चारही हाडं एकत्र आवळली पाहिजेत. क्रेप पट्टी हे काम करू शकत नाही. ती लचकलेल्या पायासाठी आहे, फार ताणते, प्रत्येक ठोशाला हाडं तिच्या आत पसरतात आणि ती सैल होते. तुझी दहा मिनिटांत सुटते ती बांधण्याच्या चुकीनं नाही.

बॉक्सिंगची पट्टी घे. एका टोकाला अंगठ्यात अडकवायचं कडं, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. हौशी स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वर्षानुवर्षं अडीच ते साडेचार मीटर लांबी आणि ५.७ सेंमी रुंदी चालत आली आहे. तू साडेचार मीटरची घे. दुकानात ती १८० इंच म्हणून मिळते. अडीच मीटरच्या पट्टीत मनगट झालं की नकलला कापड उरत नाही. निव्वळ सुती पट्टी टिकते, पण ताणत नाही, म्हणून शिकताना सुरकुत्या पडतात. थोडी ताणणारी पट्टी हातावर नीट बसते, मात्र ती ओढून बांधायचा मोह होतो.

आता बांधणी. बोटं पंजासारखी पूर्ण पसर आणि शेवटपर्यंत पसरलेलीच ठेव. बोटं एकमेकांना चिकटवून बांधलेली पट्टी मूठ वळताच रुतते आणि रक्त अडवते. कडं अंगठ्यात घाल आणि पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे ने. तळव्याच्या बाजूनं सुरुवात केलीस तर मूठ वळताना ती ढिली पडते. मनगटाला तीन वेढे दे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, आणि वेढे मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर कोपराकडे जाऊ देत. पुष्कळजण अगदी घडीवरच बांधतात, मग मनगट मुडपायचं ते मुडपतंच. तिथून पाठीवरून तिरकी वर ने आणि चार उंचवट्यांवरून तीन वेढे घे. पट्टीची वरची कड उंचवटे झाकेल इतकीच वर हवी, बोटांच्या पहिल्या पेरावर गेली तर मूठ पूर्ण मिटत नाही.

मग बोटांच्या मधून. परत अंगठ्याच्या मुळाशी ये, पाठीवरून तिरकी जा, करंगळी आणि अनामिकेच्या मधून पट्टी तळव्यात घे आणि अंगठ्याच्या मुळाशी आण. तसंच अनामिका आणि मधल्या बोटामधून, मग मधल्या बोटाच्या आणि तर्जनीच्या मधून. पाठीवर फुलीसारखे तिरके पदर दिसले पाहिजेत. बोटांमधून जाताना पट्टी पिळू नकोस, पीळ पडला की तिथंच बेचक्यात कातडी सोलते. अंगठ्याला एक वेढा दे, म्हणजे हूक (बाजूनं वळवून मारायचा ठोसा) मारताना तो बाहेर ओढला जाणार नाही. उरलेल्यातून नकलवर पुन्हा दोन वेढे, आणि शेवट मनगटावर, वेल्क्रो हाताच्या पाठीच्या बाजूला. तुझा हात लहान असेल तर साडेचार मीटरमध्ये आणखी एक गोष्ट बसते : मनगटाचे वेढे झाले की पट्टी नकलवर पुढेमागे घडी घालून पाच-सहा पदरी गादी करायची, आणि पुढचे सगळे वेढे तिच्यावरून घ्यायचे. उंचवट्याची कातडी सोलायची थांबते.

घट्टपणा कसा ओळखायचा? बोटं उघडी असताना पट्टी नुसती अंगाला लागलेली वाटावी, मूठ वळल्यावर घट्ट व्हावी. नख दाबून सोड. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार पडली, मुंग्या आल्या की लगेच सोड आणि पुन्हा बांध, “एवढा राउंड होऊ दे” म्हणू नकोस. मग मूठ भिंतीला हलकेच टेकव आणि बघ : कोपरापासून पहिल्या दोन उंचवट्यांपर्यंत हात सरळ आहे का? मनगट खाली-वर झुकलं असेल तर वेढे नीट बसलेले नाहीत.

आधी डाव्या हाताला बांधायला शीक. मग उजव्याला डाव्या हातानं, त्याला दुप्पट वेळ लागेल. खानापूर स्टँडवर बसची वाट बघताना बांध आणि सोड, बघणारे बघू देत. आणि क्लासमध्ये सरांना सरळ म्हण, “सर, एकदा माझ्या हाताला तुम्ही बांधून दाखवा.” हे ऐकून कुठलाही प्रशिक्षक हसत नाही. भराभर बांधणाऱ्या मुलांचे हात जवळून बघ, निम्म्यांची पट्टी मनगटावर ढिली असते.

पट्टी धुण्याचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण तू जांबोटी-कणकुंबीच्या धुवाधार पावसाच्या खानापूर तालुक्यात राहतेस. जून ते सप्टेंबर काहीही वाळत नाही. ओली पट्टी पिशवीत राहिली की वास येतो, बोटांच्या बेचक्यात खाज सुटते आणि सोललेली कातडी पिकते. रोज साध्या साबणानं धू, पिळू नकोस, टॉवेलात दाबून पाणी काढ, आणि चुलीच्या उबेला दांडीवर टाक, धुराच्या आणि ठिणगीच्या टप्प्यात नको. वाळली की वेल्क्रोच्या टोकाकडून गुंडाळायला लाग, म्हणजे कडं बाहेर राहतं आणि पुढच्या वेळी सोडत सोडत बांधता येतं. ग्लोव्हमध्ये रद्दीच्या कागदाचे बोळे कोंबून ठेव, सकाळी बदल. नकलवर जखम असेल त्या दिवशी ती धुऊन, कोरडी करून, झाकून मगच पट्टी बांध, आणि तुझी पट्टी मैत्रिणीला देऊ नकोस, तिची घेऊ नकोस.

डॉक्टरांनी मोकळीक दिली की हाताची ताकद वाढवायला एक सोपा व्यायाम आहे. बादलीत कणी घे, हो, कोंबड्यांना घालतात तीच, आईला तांदूळ मागू नकोस. हात मनगटापर्यंत खुपस आणि आतल्या आत मूठ उघड-मीट कर, बोटं पसर, मनगट दोन्ही बाजूंना फिरव. दोन-तीन मिनिटांत कोपरापर्यंत भरून येतं. पकड आणि मनगट दोन्ही तयार होतात, आणि आज्जांना जो टणक हात हवा आहे तो खरं तर इथून येतो. सुरुवातीचे दोन आठवडे चिंध्यांच्या पोत्यावर निम्म्या जोरानं, पट्टी आणि ग्लोव्ह दोन्ही घालून, फक्त जॅब आणि क्रॉस (पुढच्या आणि मागच्या हाताचे सरळ ठोसे). हूक नंतर. करंगळीकडे पुन्हा कळ आली तर त्या दिवशी थांब.

खरेदीचं विचारलं नाहीस, तरी घरी पैसे मागावे लागतील म्हणून लिहितो. आधी पट्ट्यांचे दोन जोड घे, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हाताला असेल. मग स्वतःचे ग्लोव्ह. क्लासमधले सामायिक ग्लोव्ह पुष्कळदा आतून बसलेले असतात, नकलवर अंगठ्यानं दाबल्यास आतली गादी पातळ लागते. पोत्यावर आणि पॅडवर तुला १२ औंस पुरतील, स्पारिंगला (जोडीदाराशी लढायच्या सरावाला) १४ किंवा १६ औंस, ते तुझं वजन बघून सर सांगतील. ग्लोव्ह घ्यायला जाताना हाताला पट्टी बांधून जा, उघड्या हाताला बरोबर बसलेला ग्लोव्ह पट्टीवर शिरत नाही. बूट मात्र स्पर्धेची तारीख हातात पडेपर्यंत थांबले तरी चालतील.